डुप्लिकेट

सेमिनारच्या विषयांची यादी सरांच्या टेबलावर गेली तेव्हा माझ्या नावापुढं लिहिलं होतं : ‘सीझेड-७५ या झेक पिस्तुलाच्या कमी माहीत असलेल्या नकला – एक तुलना’. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "गाव कुठलं रे तुझं?"

"हिमायतनगर, सर."

"तिकडं कुणाची सुपारी घेतलीस का?"

केबिनमधले सगळे हसले. बाकीच्यांचे विषय दरवर्षीचेच होते, इलेक्ट्रिक गाड्या, थ्रीडी प्रिंटिंग, सोलर. सरांनी मला परवानगी दिली, पण अटी घातल्या. गोळ्या, नेमबाजी, मारामारी काही बोलायचं नाही. फक्त मॅन्युफॅक्चरिंगवर बोलायचं. मला तेच बोलायचं होतं. पण का, ते सरांना तेव्हा सांगितलं नाही. मित्रांनो, ते इथं सांगतो.

आमच्या काकांचं गावात, भोकर रोडला वर्कशॉप आहे. एक जुनी लेथ, एक ड्रिल, वेल्डिंग मशीन आणि भिंतीवर परमेश्वराचा फोटो. (गावाचं जुनं नाव वाढोणा. काका अजून वाढोणाच म्हणतात.) कंपनीचा पार्ट नांदेडहून यायला कधी कधी चार दिवस लागतात, आणि सोयाबीनच्या दिवसांत शेतकऱ्याकडं चार दिवस नसतात. तो तुटलेला पार्ट पोत्यात गुंडाळून आणतो, म्हणतो, "असाच करून द्या." काका करून देतात. गावात याला एकच शब्द आहे, डुप्लिकेट. मला त्या शब्दाची लाज वाटायची. फर्स्ट इयरला होस्टेलवर कुणी विचारलं की मी ‘घरचं इंजिनिअरिंग युनिट आहे’ असं सांगून विषय बदलायचो.

पाचव्या सेममध्ये दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. सरसमचे एक शेतकरी थ्रेशरचा, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत हडंब्याचा, वाकलेला शाफ्ट घेऊन आले. काका बाहेर वेल्डिंगला बसले होते. मी म्हटलं, "मी करतो." ईएन-८ चा बार लावला, माप घेतलं, टर्निंग केलं. शाफ्टची जाडी जिथं बदलते, तिथल्या कोपऱ्यात कंपनीच्या शाफ्टला थोडी गोलाई होती. मला वाटलं, त्यांचं टूल घासलेलं असेल. मी नवीन टूल लावून कोपरा एकदम काटकोनात काढला. कंपनीपेक्षा चांगला केला म्हणून मोबाईलवर फोटोसुद्धा काढला.

तो शाफ्ट दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी दुपारी तुटला, बरोबर त्या काटकोनात. त्याच रात्री पाऊस आला. ताडपत्री अर्ध्याच गंजीला पुरली. भिजलेल्या सोयाबीनचं बाजारात काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. दाणा काळा पडतो आणि व्यापारी हातात घेऊन नुसती मान हलवतो.

सकाळी ते शेतकरी आले. ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "चूक माझी आहे भाऊ. दुसरा करून देतो, पैसे नकोत." मी उभा होतो तिथंच, हातात चहाचा कप.

तुटलेला तुकडा मी होस्टेलवर घेऊन आलो. त्याच्या तोंडावर शिंपल्यावर असतात तशा रेघा आहेत. मशीन डिझाइनच्या पुस्तकात फटीगच्या प्रकरणात असतो तोच फोटो. हिशोब केला : ७०० आरपीएम, दोन दिवसांचे १६ तास, म्हणजे ६ लाख ७२ हजार फेरे. प्रत्येक फेऱ्याला तो कोपरा एकदा ताणला आणि एकदा दाबला गेला. ती दीड मिलिमीटरची गोलाई म्हणजे घासलेलं टूल नव्हतं. कुणीतरी विचार करून ठेवली होती, आणि मी चूक समजून काढून टाकली होती.

आता पिस्तुलाकडं येतो. माझा रूममेट रात्री दोनपर्यंत काउंटर-स्ट्राइक खेळतो. त्यात सीझेड-७५ आहे. झोप लागत नव्हती म्हणून एका रात्री त्याच्यावर वाचत बसलो, आणि एका वाक्यापाशी उठून बसलो : हे जगात सगळ्यात जास्त नक्कल झालेल्या पिस्तुलांपैकी एक आहे. म्हटलं, हे तर आपल्या काकांच्या खात्यातलं निघालं.

गोष्ट अशी आहे. फ्रांतिशेक कौत्स्की आणि त्यांचा भाऊ योसेफ यांनी १९७५ मध्ये हे पिस्तूल तयार केलं. कारखाना चेकोस्लोव्हाकियातल्या उहेर्स्की ब्रोद गावात. काडतूस ९ मिमी पॅराबेलम, म्हणजे पश्चिमेकडच्या देशांचं, त्यामुळं ते स्वतःच्या सैन्यासाठी नव्हतं, बाहेर विकण्यासाठी होतं. पण गंमत बघा. सरकारनं त्याची पेटंट गुप्त ठेवली. गुप्त असल्यामुळं परदेशात नोंदवता आली नाहीत. परदेशात नोंदली नाहीत म्हणून परदेशात कुणीही नक्कल करायला मोकळा. कुलूप आतून लावलं आणि खिडकी उघडी राहिली!

मग सगळे आले. इटलीच्या गार्दोनेमधल्या तानफोलिओ कंपनीनं टीए-९० काढलं. स्वित्झर्लंडमध्ये आयटीएम कंपनीनं एटी-८४ काढलं, ते पुढं स्फिंक्स या नावाखाली गेलं. १९९० मध्ये इस्रायलचं जेरिको-९४१ आलं. चीनमध्ये नॉरिन्कोचं एनझेड-७५, तुर्कस्तानात सारसिल्मझचं किलिंच-२००० आणि सामसुनच्या जानिक कंपनीची मॉडेल्स, फिलिपिन्समध्ये आर्मस्कोरचं मॅप-१. उत्तर कोरियासुद्धा सुटला नाही.

तुम्ही म्हणाल, यातलं एक तरी हातात घेतलंस का? नाही. आपल्या देशात ९ मिमी हा बोअर सामान्य माणसाला प्रतिबंधित आहे, परवानासुद्धा मिळत नाही. मी नेम कसा लागतो ते सांगत नाहीये. मी एकच बघत होतो : नक्कल करणाऱ्याला कोपऱ्यातली गोलाई कळली होती का?

सीझेड-७५ मधली गोलाई म्हणजे त्याची स्लाइड. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड फ्रेमला बाहेरून धरून सरकते. यात ती फ्रेमच्या आतल्या खाचांत सरकते. ही कल्पना कौत्स्कींची स्वतःची नव्हे बरं का, स्विस सिग पी-२१० मध्ये ती आधीच होती. फायदा असा की आधार लांब मिळतो आणि हालचाल घट्ट राहते. तोटा असा की पकडायला स्लाइडची उंची कमी उरते. आणि हे मशीनवर काढायला सोपं नाही. पहिल्या मॉडेलमध्ये या खाचा आखूड होत्या. १९८० च्या सुमारास कारखान्यानं स्वतःच त्या वाढवल्या. म्हणजे मूळवाल्यालाही पहिल्या फटक्यात सगळं जमलं नव्हतं. हे वाचून मला फार बरं वाटलं.

आता कुणी कुणाची नक्कल केली ते ओळखायचं कसं? अहो, ही कला आपल्याला कुणी शिकवायला पाहिजे का? होस्टेलमध्ये एका जर्नलवरून बारा जर्नल तयार होतात, आणि पहिल्यानं रीडिंग चुकवलं असेल तर बाराही जणांचं तेच रीडिंग चुकतं. पिस्तुलांचंही तसंच. मूळ सीझेड-७५ ची सेफ्टी फ्रेमवर आहे. तानफोलिओनं टीए-९० करताना ती स्लाइडवर नेली. आणि सुरुवातीच्या जेरिकोमध्येही ती स्लाइडवरच! कारण जेरिकोच्या सुरुवातीच्या फ्रेम इटलीहूनच यायच्या. म्हणजे ही नकलेची नक्कल. फिलिपिन्सच्या मॅप-१ चं मूळही इटलीतच. दिसायला सगळी झेक, पण जर्नल गार्दोनेचं. तरी तानफोलिओला मी नावं ठेवणार नाही. त्यांनी जुळवून घेताना स्वतःचं डोकं वापरलं, इतकं की त्यांचं मॅगझिन सहसा मूळ सीझेडला बसत नाही.

मॅगझिनवरून आठवलं. या सगळ्यात मला जिवाला लागलेली गोष्ट ‘ब्रेन टेन’ची. अमेरिकेतल्या डोर्नॉस अँड डिक्सन कंपनीनं सीझेड-७५ च्या पायावर, पण जास्त ताकदीच्या १० मिमी काडतुसासाठी ते १९८३ मध्ये काढलं. ‘मायामी व्हाइस’ मालिकेत हिरोच्या हातात होतं. नाव झालं, ऑर्डरी आल्या. पण मॅगझिन बाहेरून बनून येणार होती, ती वेळेवर आलीच नाहीत. बऱ्याच गिऱ्हाइकांना पिस्तूल मिळालं, मॅगझिन नाही! १९८६ मध्ये कंपनी बुडाली. (मॅगझिन वेळेवर न निघण्याचा अनुभव आपल्या संपादक मंडळालाही आहे, पण आपण अजून बुडालो नाही.)

त्यातला ‘ब्रेन’ म्हणजे मेंदू नव्हे. ब्रनो हे झेक गाव आणि एनफिल्ड हा इंग्रजी कारखाना, दोघांची पहिली दोन-दोन अक्षरं. मूळची ब्रेन गन हीसुद्धा झेक डिझाइनच, पण ती रीतसर परवाना आणि ड्रॉइंग घेऊन केलेली नक्कल. मिलिमीटरमधली सगळी ड्रॉइंग इंग्रजांनी इंचात परत काढली. आमचे आजोबा १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी दहा वर्षांचे होते. त्या गोष्टी सांगताना ते ‘ब्रेनगन’ हा शब्द असा म्हणायचे की जणू गावातल्याच कुणाचं नाव आहे. तो शब्द झेक गावातून आमच्या ओसरीवर आला असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

सेमिनारच्या दिवशी मी पहिला नंबर एटी-८४ आणि त्याच्या पुढच्या स्फिंक्सला दिला. स्विस लोकांनी नकलेपासून सुरुवात केली आणि मग एकेक पार्ट स्वतःचा करत गेले. जानिकला दुसरा, कारण तिथं शिकण्याची भूक दिसते. झेक नक्कल करून झाल्यावर ते जर्मन वॉल्थरच्या मागं लागले, आणि आज त्यांचं स्वतःचं नाव आहे. एनझेड-७५ बद्दल मला विश्वासानं बोलण्याइतकं सापडलं नाही, म्हणून नंबर दिला नाही. त्याचे मार्क गेले असतील तर जाऊ देत.

एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "आपल्याकडं काय?" मी सांगितलं, ईशापूरचं ९ मिमी पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरवरून घेतलंय, आणि २०२१ मध्ये जाहीर झालेलं ‘अस्मि’ हे मशीन पिस्तूल पुण्याची एआरडीई आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलनं चार महिन्यांत केलं, त्याचे काही पार्ट थ्रीडी प्रिंट केलेले आहेत. मग त्यांनी विचारलं, "हा विषय का घेतला?" मी खिशातून शाफ्टचा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. शेतकरी, पाऊस, काका, सगळं. सर बराच वेळ तो तुकडा फिरवून बघत होते. मग म्हणाले, "काकांना सांगितलंस का, तू का चुकलास ते?"

नव्हतं सांगितलं.

सुट्टीत घरी जाताना नांदेडला उतरलो आणि स्कॉलरशिपच्या पैशातून एक रेडियस गेज घेतला. वर्कशॉपमध्ये काकांपुढं तुकडा ठेवला, गेजचं दीडचं पान काढलं आणि कंपनीच्या जुन्या शाफ्टच्या कोपऱ्यात लावून दाखवलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर पिस्तुलांच्या गोष्टी सांगितल्या, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग त्या अमेरिकावाल्यानं मॅगझिन घरीच कामून नाही केलं?"

मग गेज हातात घेऊन उलटसुलट बघितला. "कोणत्या कंपनीचा हाय?"

त्याच्यावर नाव नव्हतंच. म्हटलं, "काका, डुप्लिकेट आहे."

"आसं व्हय." त्यांनी खोक्यातून तीन एमएमचं ड्रिल काढलं, गेजच्या दीडच्या पानाची खोलगट बाजू त्याच्या दांड्याला लावली, आणि मधून उजेड दिसतो का ते बघायला दारात जाऊन उभे राहिले.