बाबांचा पाना आणि माझा स्विच

ऑक्टोबरचा एक शनिवार आमच्याकडे दर वर्षी ठरलेला असतो. मोटरहोम गावाबाहेरच्या मोकळ्या पार्किंगमध्ये नेऊन लावायचं, नळांतलं पाणी काढून टाकायचं, पडदे ओढायचे आणि सहा महिने त्याला रामराम करायचा. मिनेसोटात राहतो म्हटल्यावर दुसरा इलाज नाही. हा शनिवार आला की मला २०१८ चा ऑक्टोबर आठवतो, आणि थोडी लाजही वाटते. तर आज तीच गोष्ट.

ज्यांनी मोटरहोम आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: यात बॅटऱ्या दोन प्रकारच्या असतात. एक इंजिनाची, साध्या गाडीत असते तशी. गाडी सुरू करताना एकदम मोठा करंट द्यायचा, की तिचं काम संपलं. दुसरी घराची. दिवे, पंखा, पाण्याचा पंप हे सगळं तिच्यावर. आमच्या गाडीत यासाठी गोल्फ कार्टच्या, सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या होत्या. म्हणजे बारा व्होल्ट, आणि साधारण २२० अँपिअर-अवरचा साठा.

त्या वर्षी बाबा नाशिकहून आले होते. बाबांनी आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवण्यात उभा जन्म घालवला. लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या घरी इन्व्हर्टर आला, तेव्हापासून महिन्याच्या एक तारखेला त्यांचा एक कार्यक्रम ठरलेला. बॅटरीची बुचं काढायची, टॉर्च मारून पाण्याची पातळी बघायची, लागेल तेवढं डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची. आई म्हणायची, घरात देवाला एवढं पाणी मिळत नाही.

तर गाडी लावून झाल्यावर बाबा म्हणाले, "बॅटऱ्या काढून घरी ने."

मी म्हटलं, "बाबा, एकेक बॅटरी तीस किलोची आहे. आणि गरजच नाही. हा बघा, दाराशी डिस्कनेक्टचा स्विच आहे. दाबला की सगळं बंद."

"सगळं म्हणजे काय काय?"

"सगळं म्हणजे सगळं!"

ते काही बोलले नाहीत. पाना घेऊन बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या बॅटरीची निगेटिव्हची तार सोडवून ठेवली. घराच्या बॅटऱ्यांकडे वळले तेव्हा मी घड्याळ दाखवलं. जेवायला उशीर होत होता.

३० जानेवारी २०१९ ला मिनिआपोलिसचं तापमान उणे ३३ सेल्सिअसपर्यंत खाली गेलं. आम्ही घरात बसून बातम्या बघत होतो. गाडीची आठवणसुद्धा झाली नाही.

एप्रिलमध्ये गेलो. इंजिनाची तार जोडली, किल्ली फिरवली, पहिल्या झटक्यात सुरू! मग घराचे दिवे लावले. काही नाही. बॅटऱ्यांचा कप्पा उघडला तर एकीचं खोकं बाजूने उभं चिरलेलं, दुसरीची बाजू फुगलेली, आणि खालच्या ट्रेमध्ये ॲसिड.

आता यातलं शास्त्र. लेड-ॲसिड बॅटरी वीज देते तेव्हा सल्फ्युरिक ॲसिडमधला सल्फेट शिशाच्या प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे पाणी राहत जातं. म्हणजे उतरलेली बॅटरी ही बरीचशी पाण्याचीच पेटी. पूर्ण चार्ज असेल तर ती उणे पन्नासलाही गोठत नाही. निम्मी उतरलेली उणे पंचवीसच्या आसपास गोठते. पूर्ण उतरलेली मात्र उणे सात ते दहालाच गोठते, आणि पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो. खोकं फुटणारच. समजा थंडी पडली नसती, तरी प्लेटांवरचा सल्फेट महिनोन् महिने तसाच राहिला की त्याचे टणक खडे होतात. मग कितीही चार्ज करा, बॅटरीची जुनी ताकद परत येत नाही.

पण स्विच तर बंद होता! मग बॅटरी उतरली कशी?

नव्या बॅटऱ्या बसवल्यावर मल्टिमीटर लावून बसलो. स्विच बंद असतानाही ८० मिलिअँपिअर जात होते. एकेक तार सोडवत गेलो आणि चोर सापडला: जमिनीलगतचा गॅस गळतीचा डिटेक्टर. कोणी चुकून स्विच दाबला तरी तो चालू राहावा म्हणून त्याची तार सरळ बॅटरीवरून घेतलेली होती. हिशेब केला. ८० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास दोन अँपिअर-अवर. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेर शंभरेक दिवस. झाले दोनशे! बॅटरीत होते २२०.

आमच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात. तासभर टेस्ट केली तर काही दिसत नाही, आणि तीन महिने सर्व्हर चालू राहिला की एका रात्री आडवा होतो. असले लीक शोधण्याचा मला पगार मिळतो. आणि माझ्याच गाडीत "बंद" असं लिहिलंय म्हणून मी ते बंद आहे असं धरून चाललो. बाबांनी तर नेमका तोच प्रश्न विचारला होता. सगळं म्हणजे काय काय?

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "गाडी सुरू झाली का?"

"झाली की. पहिल्या झटक्यात."

नरो वा कुंजरो वा! बॅटऱ्यांचे गेलेले तीनशेवर डॉलर मी गिळले, पण ते एक वाक्य काही गिळवेना.

आता मी काय करतो ते सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आधी बॅटऱ्या पूर्ण चार्ज करतो. स्विच बंद करतो आणि वर निगेटिव्हची तारही सोडतो, कारण खात्री देते ती सुटलेली तार. पूर्ण चार्ज आणि तार सुटलेली असेल तर थंडीत बॅटरी आपोआप फारशी उतरत नाही. तरी आमच्या पार्किंगमध्ये वीज नाही म्हणून घराच्या बॅटऱ्या काढून गराजमध्ये आणतो आणि महिन्यातून एकदा चार्ज करतो. चार्जर कायम लावून ठेवायचा असेल तर शेवटी १३.२ ते १३.५ व्होल्टवर येऊन थांबणारा हवा. जुने चार्जर सतत जास्त व्होल्टेज देत राहतात आणि बॅटरीतलं पाणी उडवतात. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचं, आधी घातलं तर उतू जातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढंच आधी. चार्ज करून काही तास तशीच ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली गेली की पुन्हा चार्ज.

पुण्यात गाडी ठेवून सहा महिने इकडे येणाऱ्यांनी उलटं लक्षात ठेवावं. उन्हाळ्यात बॅटरी गोठत नाही, पण आपोआप उतरते मात्र भराभर. आणि ज्यांनी लिथियम बसवलीय त्यांनी ती निम्म्या-साठ टक्क्यांवर ठेवून तार सोडावी, आणि शून्याच्या खाली असताना चार्ज करू नये.

बाबा परत आले ते थेट २०२२ च्या उन्हाळ्यात. पहिल्याच दिवशी कप्पा उघडून बघितला. "या त्या नाहीत," म्हणाले.

मग सगळं सांगितलं. फोनवरच्या वाक्यासकट. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. बाबांनी एवढंच विचारलं, "किती मिलिअँपिअर जात होते?"

"ऐंशी."

त्यांनी मनात हिशेब केला. "म्हणजे तीन-साडेतीन महिने. बरोबर आहे." आणि गराजमध्ये जाऊन लाकडाची फळी शोधायला लागले. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, असं त्यांचं म्हणणं. हल्लीच्या प्लास्टिकच्या खोक्यांना हे लागू नाही, हे मला माहीत आहे. मी गप्प राहिलो आणि फळी धरू लागलो.

आता त्यांना एवढा प्रवास झेपत नाही. पण महिन्याच्या एक तारखेला, नाशिकला सकाळ आणि आमच्याकडे आदली रात्र असताना फोन येतो. मी मल्टिमीटर घेऊन गराजमध्ये जातो आणि आकडा वाचून दाखवतो. मागच्या वेळी १२.६५ होता.

"छान. तार सुटलेली आहे ना?"

"आहे, बाबा. आत्ताच हात लावून बघितली."