एका हाताची हत्यारं

मुलचेरा तालुक्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की मृगाआधीचे थोडे दिवस घरांवर माणसं चढलेली दिसतात. कवेलू फेरायचे दिवस. वानरांनी फोडलेली कवेलं काढायची, साचलेली माती नि पाला खरवडायचा, खालच्या कुजलेल्या कमच्या बदलायच्या आणि वळचणीपासून आढ्याकडे एकेक ओळ पुन्हा रचत जायची. या कामाची हत्यारं मी घडवतो, आणि माझ्या सगळ्या मापांच्या मुळाशी एकच अडचण आहे: छपरावरच्या माणसाला कामासाठी एकच हात मोकळा असतो.

‘‘दुसरा हात वाशाले धरून रायते, भाऊ,’’ इथले कारागीर सांगतात. पाय उतारावर, बूड टाचांवर, अंगाचं वजन कवेलावर न पडता खालच्या वाशावर तोललेलं. अशा बैठकीत जमिनीवरच्यासारखा हात मागे नेऊन घाव घालता येत नाही. घातला तर घावाबरोबर माणूसही पुढे ओढला जातो. म्हणून जोर दांड्याच्या लांबीतून न काढता पात्याच्या वजनातून काढावा लागतो. पण पातं फार जड केलं तर संध्याकाळी मनगट बोलतं. मनगट सरळ असताना पकड सर्वांत घट्ट असते, वाकलं की ती ढिली पडते. गुडघ्यांमधून खाली हात घालून कमची छाटताना सरळ कोयता मनगटाला करंगळीकडे वाकवतो. तिथे वाक पात्याला द्यायचा, मनगटाला नाही.

हा वाक मला बंगाली गावांत मिळाला. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने इथे वसवलं, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा ‘दा’ही आला. आखूड मूठ, पुढे जड होत गेलेलं पोट आणि टोकाला किंचित आत वळलेली धार. बांबू फोडण्यात आयुष्य गेलेल्या लोकांचं हे हत्यार आहे. गोंड-माडिया माणसाच्या खांद्यावरची कुऱ्हाड उभ्याने चालवायची, छपरावर ती लांब पडते. पण तिचं नेढं मला फार मोलाचं वाटतं. दांडा मोडला तर जंगलातून नवा आणून घरीच बसवता येतो. मी पुढे झुकणारं वजन दाकडून घेतलं, नेढं कुऱ्हाडीकडून. दांडा धावड्याचा, कारण तो चिवट असतो आणि हादरा सोसतो. त्याचा छेद गोल नाही, लंबगोल ठेवतो. नजर पायाखालच्या वाशावर असली तरी धार कुठे वळली आहे ते तळव्याला कळलं पाहिजे. शेवटाला बोंड, घामेजल्या हातातून निसटू नये म्हणून.

पकडीसाठी पुस्तकं साधारण ३ ते ४ सेंटिमीटर जाडी सांगतात. तो आकडा मी सुरुवातीपुरता घेतो. १७०० साली इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा विचारायला शिकवलं. मी तोच प्रश्न उलट्या बाजूने विचारतो. दिवसभर हत्यार वापरून झालं की अंगठ्याच्या बुडाशी दुखतं का, कोपराच्या बाहेरच्या बाजूला, की मानेत? उत्तर ऐकून दांडा रंध्यावर घ्यायचा.

हत्यार पडण्याचाही विचार करावा लागतो. खाली अंगणात बायका कवेलं निवडून वर देत असतात, पोरं खेळत असतात. मनगटाला दोरी बांधायची सूचना बरेचजण करतात. धारदार हत्याराला ती घातक आहे: निसटलेलं पातं झोका घेऊन त्याच हातावर परत येतं. मी कमरेला बांधतो. दोरी हात पूर्ण लांबवता येईल एवढीच, त्याहून वीतभरही जास्त नाही.

आता नवी घरं टिनाची होतात. वानरांचा त्रास, दरवर्षीचं फेरणं, कवेलू घडवणारे हात कमी झालेले. लोकांचा निर्णय मला पटतो. पण काम बदललं तरी अडचण तीच राहिली. टिनाला भोक नाळीच्या उंचवट्यावर पाडावं लागतं, खोलात पाडलं तर पाणी गळतं. मग आकडीचा बोल्ट खालच्या पाइपाला अडकवायचा, वायसर बसवायचा आणि चाकी आवळायची. आवळताना बोल्टही फिरतो, म्हणून तो एका हाताने धरावा लागतो नि पाना दुसऱ्या हाताने फिरवावा लागतो. आधार धरायला हात उरत नाही. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उघड्या लोखंडी पान्याला हात लावता येत नाही.

सध्या मी याच पान्यावर काम करतो आहे. मुठीवर मानवेल बांबूची खोळ, आणि चाकी फिरत असताना बोल्टाचं टोक धरून ठेवणारा एक चिमटा पान्याच्याच तोंडात. चिमट्याला ट्रकच्या जुन्या कमानपट्टीचं पोलाद घेतलं, कारण ते भंगारात मिळतं आणि गावच्या लोहाराला त्याला पाणी द्यायची सवय आहे. नव्या बोल्टावर तो पकड घेतो. गंजलेल्यावर अजून सरकतो. दात थोडे खोल कापायला लोहाराकडे दिले आहेत, पावसाच्या आत ते छपरावर चढवून बघायचे आहेत.