उलट्या दाराची गाडी

गुलमंडीत मामांची जुनी फियाट 1100 उभी असायची. 1950च्या दशकातली. मुंबईकर तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे! पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला. नऊवारीतल्या आजीला सोयीचं: आधी टेकायचं, मग पाय आत.

एकदा जालना रोडवर कडी नीट लागली नव्हती. वेग वाढला, फटीत वारा शिरला आणि दार सताड उघडलं. मी दाराकडेच! आजीनं फ्रॉक घट्ट धरला म्हणून वाचले. बिजागरी पुढे असती तर वाऱ्यानंच दार दाबून धरलं असतं.

वर्गात मी पंख्यासमोर वही धरते. शिवण पंख्याकडे केली की पुठ्ठा मिटलेला राहतो, उलटी धरली की फडकन उघडतो. मुलं विचारतात, “बाई, आजी रागावली?” माझ्यावर नाही. मामांना मात्र त्या दिवशी चहासुद्धा मिळाला नाही.