नाथसागरातली सुरळी

नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, हिवाळ्यात लोक दुर्बिणी घेऊन येतात. अभयारण्यच पक्ष्यांचं, १९८६पासूनचं. मी मात्र सोनेवाडीच्या काठावर, मच्छीमारांनी जाळ्यातून झटकून टाकलेल्या शेवाळाच्या ढिगापाशी उकिडवी बसले होते. “ताई, पक्षी तिकडं हायेत,” एकाने हात करून सांगितलं.

हे शेवाळ म्हणजे हायड्रिला. त्याच्या देठावरून पानाचा एक तुकडा चक्क चालत निघाला होता. उचलून पाहिलं, तर दोन तुकडे कडेने रेशमाने जोडलेले आणि मधल्या फटीतून इवलं डोकं आतबाहेर करतंय. माझं माहेर कोकणातलं, त्यामुळे भातावरची सुरळीतली अळी ओळखीची. आजोबा पिकावरून दोर ओढून सुरळ्या पाण्यात पाडायचे आणि मग ते पाणी काढून द्यायचे. ही तिची चुलत बहीण, पॅरापॉयन्क्स डिमिन्युटॅलिस.

थोडं शेवाळ बरणीत घालून घरी आणलं. एक सुरळी उकलली, तर अळीच्या दोन्ही कुशींना फाटे फुटलेले पांढरे धागे. कल्ले! पतंगाच्या पोराला माशासारखा श्वास. मधूनमधून ती अंग हेलकावून सुरळीतलं पाणी खेळतं ठेवायची. बाकीच्यांनी पानं फस्त करून देठांच्या नुसत्या काड्या केल्या आणि कोशही पाण्याखालीच, देठाला चिकटवून बांधले. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण चार-पाच आठवडे, त्यात हवेतले दिवस अगदी मोजके. बाहेर पडला तो नखाएवढा, पांढऱ्या पंखांवर बदामी-तपकिरी पट्टे असलेला. मादी नराहून मोठी. पाण्यावर डोकं काढलेल्या हायड्रिलावर ती अंडी घालते.

भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत हा पतंग आढळतो. अमेरिकेत हायड्रिलाने तळी, कालवे तुंबवले, तेव्हा शास्त्रज्ञांनी ही अळी सोडून पाहायचा विचार केला होता. पण ती इतर पाणवनस्पतीही खाते म्हणून बेत रद्द झाला. आणि १९७६ साली, म्हणजे आपलं जायकवाडी धरण पुरं झालं त्याच वर्षी, हा पतंग फ्लॉरिडात आपणहून हजर! परवानगीची वाट कोण बघतो?

पुढच्या खेपेला त्या मच्छीमारदादांना हे सगळं सांगितलं. त्यांचा प्रश्न रोकडा होता: “मंग ही समदं शेवाळ खाऊन टाकंल का?”

“नाही हो. तुटलेल्या काडीपासूनही ते परत वाढतं. अळीला तेवढं खाणं झेपत नाही.”

“मंग काय उपेग!” म्हणत ते पुन्हा जाळं झटकायला लागले.