सीगलच्या नजरेला नजर

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला गेले असता आम्ही कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज या समुद्रकाठच्या गावी तीन दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बंदरालगतच्या कॅफेबाहेर बसून सहा वर्षांचा नातू बटाट्याचे चिप्स खात होता. अचानक मागून पंखांचा झपाटा आला, पुडा खाली सांडला आणि त्याच्या बोटावर सीगलच्या चोचीचा ओरखडा उमटला. जखम किरकोळ होती. वाहत्या पाण्याने व साबणाने धुऊन पट्टी लावली. भीती मात्र तशी धुतली जाईना. त्यानंतर तो उघड्यावर एक घासही घेईना.

मला बोचत होते ते वेगळेच. आदल्या संध्याकाळी त्याच बंदरावर मीच त्याच्या हातून सीगलना चिप्स टाकवले होते. हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचमागे उडणाऱ्या कुरवांना आपण असाच खाऊ उधळतो. त्यात मला आजवर पुण्यच दिसत आले. माणसाच्या हातात हमखास अन्न असते, हा धडा पक्ष्यांना माझ्यासारख्यांनीच दिलेला असतो. मग त्यांना चोर कोणत्या तोंडाने म्हणावे?

मुलीने एक्झेटर विद्यापीठातील २०१९चे संशोधन सांगितले. संशोधकांनी चिप्सची पिशवी जमिनीवर ठेवून ७४ सीगलवर प्रयोग करून पाहिला. त्यांतले २७च अन्नापर्यंत आले. माणूस रोखून पाहत असेल, तर त्यांना यायला सरासरी २१ सेकंद अधिक लागत.

तिसऱ्या दिवशी आम्ही भिंतीला पाठ लावून, छत्रीखाली बसलो. ताटली अंगालगत घेतली. मोबाइल पिशवीत गेले. कठड्यावर एक सीगल उतरताच नातवाने त्याच्यावर डोळे रोखले. थोड्या वेळाने त्या पक्ष्याने मान फिरवली आणि तो उडून गेला.

“आजी, तो मला घाबरला!”

“घाबरला नाही रे. तुझं लक्ष आहे, हे त्याला कळलं.”

नातवाने ताटली संपवली. कितीतरी दिवसांनी आम्हीही शेजारच्या माणसाशी बोलत, चव घेत जेवलो.

यंदाच्या हिवाळ्यात मांडव्याच्या लाँचमागे कुरव पुन्हा आले. हातातला पुडा मी उघडला नाही. त्यांच्याकडे नुसती पाहत राहिले.