मुशीचे काळीज

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. मुशी आम्हाला ताटातली माहीत. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे कालवण द्यायचे, ही आमच्या घरची जुनी रीत. आजोबांच्या काळी मुशीच्या काळजाचे तेल काढून होडीच्या फळ्यांना चोपडत. अशा घरातल्या आम्ही दोघांनी पैसे मोजून मुशी पाहायला जायचे ठरवले, तेव्हा अम्मी फोनवर म्हणाली, "आपल्या बाजारात काय थोड्या असतात?"

पण ही मुशी दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातली. ग्रेट व्हाइट शार्क. लांबी वीस फुटांपर्यंत, आणि दहशत त्याहून मोठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणातले मुसलमान पोटापाण्यासाठी केपटाऊनला जात राहिले आणि तिथलेच झाले. आमच्या मामूंचे घराणे त्यांतलेच. त्यांच्याकडे मुक्काम होता. फजरची नमाज आटोपून मामेभावाने गाडी काढली. दोन-अडीच तासांत आम्ही गान्सबाईजवळच्या क्लाइनबाई या छोट्या बंदरात पोहोचलो.

बोट डायर बेटाच्या दिशेने निघाली. या बेटावर पेंग्विन, शेजारच्या गायझर खडकावर हजारो सील. दोहोंमधल्या चिंचोळ्या पाण्याला 'शार्क अ‍ॅली' म्हणतात. सीलच्या शिकारीसाठी ग्रेट व्हाइट इथे घिरट्या घालत. त्याच कीर्तीवर हे गाव जगभर पोहोचले.

बोट नांगरली. खलाशांनी माशाचे तेल आणि कुटलेली मासळी पाण्यात ओतायला सुरुवात केली. तो वास आम्हाला परका नव्हता. शेजारच्या गोऱ्या बाईंना उलट्या होत होत्या आणि आम्हाला मिरकरवाड्याची जेटी आठवत होती. लोखंडी पिंजरा बोटीच्या कुशीला बांधलेला. त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर. आत हवेची नळी नाही, टाकी नाही. जाड रबरी पोशाख आणि डोळ्यांना मुखवटा. आवाज आला की श्वास कोंडून खाली जायचे, पायांनी आतल्या दांड्याला धरून राहायचे.

बिस्मिल्ला म्हणून आम्ही उतरलो. पाणी इतके गार की छातीत कळ आली. "खाली, डावीकडे!" अशी हाक आली. बुडी मारली. हिरवट धूसर पाण्यातून एक तांबूस, लांबट आकृती आली, दोरीला बांधलेल्या माशाच्या मुंडक्याकडे वळली. खलाशाने दोरी ओढून घेतली. शार्कला खाऊ घालायचे नाही, असा नियम आहे. ती आमच्यापासून हातभर अंतरावरून गेली. आमच्याकडे तिने पाहिलेही नाही. भीती वाटेल असे धरून चाललो होतो. वाटला तो अदब.

ती ग्रेट व्हाइट नव्हती. ब्राँझ व्हेलर नावाची दुसरी जात होती. दिवसभर तीच येत राहिली.

परतताना वाटाड्याने सारे सांगितले. 2017 साली गान्सबाईच्या किनाऱ्यावर ग्रेट व्हाइटची कलेवरे लागू लागली. अंग जवळजवळ शाबूत, काळीज तेवढे गायब. हे काम ओर्का देवमाशांचे. दोन नर ओर्का तर नावाने ओळखले जातात, पोर्ट आणि स्टारबोर्ड. एकाचा पाठीवरचा पर डावीकडे कललेला, दुसऱ्याचा उजवीकडे. शार्कचे काळीज मोठे आणि तेलाने भरलेले. शिकाऱ्याला तेवढेच पुरते. 2023 मध्ये मोसेल बे इथे स्टारबोर्डने एकट्याने, दोन मिनिटांच्या आत, एक लहान ग्रेट व्हाइट मारली. आपल्यातली एखादी मारली गेली की बाकीच्या ते पाणी सोडून जातात. आता गान्सबाईला ग्रेट व्हाइट क्वचितच दिसते.

दोष एकट्या ओर्कांचा नाही, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. क्वाझुलू-नाताळच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांच्या रक्षणासाठी 1952 पासून लावलेली जाळी अजूनही शार्क मारतात. मासेमारीच्या लांब दोऱ्यांवर तिचे भक्ष्य असलेले लहान शार्क जातात. 1975 च्या 'जॉज' चित्रपटाने तिला साऱ्या जगाची वैरीण केले. ज्यांच्या कादंबरीवरून तो निघाला, ते पीटर बेंचली पुढे शार्कच्या रक्षणासाठी बोलत राहिले. दक्षिण आफ्रिकेने तर 1991 सालीच तिला कायद्याचे संरक्षण दिले. असे करणारा तो जगातला पहिला देश. कायद्याने माणसाचा हात अडवता येतो, पण समुद्रातली शिकार कशी अडवणार?

वाटाडा गप्प झाला, मग हळूच म्हणाला, "लोक विचारतात, मोठी कधी येईल. आमच्या गावाचं पोट तिच्यावर आहे, साहेब. आम्हीही रोज तेच विचारतो."

रात्री दस्तरखानावर मामूंनी विचारले, "दिसली का?"

"नाही दिसली, मामू."

मामू बराच वेळ भाताशी चाळा करत राहिले. तरुणपणी ते फॉल्स बे मध्ये गळाने मासे धरायला जात. तिथल्या सील बेटापाशी ग्रेट व्हाइट तोंडात सील धरून अख्खीच्या अख्खी पाण्याबाहेर उडी घेई, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. तिथूनही ती नाहीशी झाली. अभ्यासक म्हणतात, ती गेल्यावर तिथे सील वाढले, आणि सील खातात ते मासे घटले.

"तेव्हा पोरांना पाण्यात उतरू देत नव्हतो," मामू म्हणाले. "आता उतरू देतो. पण त्या पाण्याला काळीजच राहिलं नाही, असं वाटतं."