शिरेतून मिळणारं अन्न



लकडगंजात ओळखीच्या एका घरी नातू जन्मला आणि तिसऱ्याच दिवशी त्याच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. आतडं सावरेपर्यंत तोंडाने काही नाही. साखर, अमिनो आम्लं, क्षार आणि दुधासारखं पांढरं स्निग्ध द्रावण, सगळं शिरेतून.

त्या पांढऱ्या बाटलीवर ‘एग’ शब्द वाचून आजीबाई हबकल्या. आत सोयाबीनचं तेल असतं, आणि ते पाण्यात मिसळून राहावं म्हणून अंड्याच्या बलकातलं लेसिथिन. साठ वर्षांपूर्वी स्वीडनच्या आर्विद व्रेटलिंड यांनी बसवलेली ही रीत अजून चालते. काही बाटल्यांत तर माशाचं तेल असतं. शिरेवाटेच्या अन्नाने यकृताला त्रास झालेल्या बाळांसाठी त्याला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

मी कॉमर्सवाली, हिशेबानेच बोलले. बाळाला दिवसाला किलोमागे दोन-तीन ग्रॅमच स्निग्ध लागतं. पण तेवढंही बंद केलं तर थोड्याच दिवसांत कमतरता दिसते. विचारायचं ते महाराजसाहेबांना नंतर विचारा, प्रायश्चित्त मोठ्यांनी घ्या. बाटली सुरू राहू द्या.

सुनेने आयंबिल धरायचं मनात घेतलं होतं. तूप-दूध सोडायचे हे दिवस आहेत का! तिने दर तीन तासांनी दूध काढायचं, कारण आतड्याला पहिल्यांदा सोसतं ते आईचंच.

कालपासून नळीतून दोन-दोन मिली जातंय. पोटात राहिलं.